शेवटची झांज



आमच्या मंडळीच्या कपाटात व्हिडिओ कॅसेटचा एक खोका कित्येक वर्षे पडून होता. नाताळ, बाप्तिस्मे, लग्ने, कीर्तने. फितीला बुरशी धरू लागली, तेव्हा आम्ही काही स्वयंसेवकांनी त्या डीव्हीडीवर उतरवायला घेतल्या.

त्यांत मास्तरांच्या कीर्तनाची दीड तासाची कॅसेट होती. मास्तर प्रभूकडे गेले, आजी आहेत. त्यांना ऐकू फार कमी येते, समोरच्याचे ओठ पाहत त्या बोलणे समजून घेतात. त्यांची डीव्हीडी आम्ही सगळ्यांत आधी केली. सुरुवातीला आवाज अर्धा सेकंद मागे होता. तो पुढे सरकवला, पाच मिनिटे पाहिले, जुळले. आनंदाने डीव्हीडी घरी नेऊन दिली.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर आजींनी आम्हाला थांबवले. म्हणाल्या, "बाळांनो, रागावू नका. आधी मास्तर माझ्याशी बोलत होते. मग हळूहळू दुसऱ्याच कोणाशी बोलायला लागले."

आम्ही शेवट लावून पाहिला. मास्तरांचे ओठ मिटत होते आणि शब्द चार सेकंदांनी येत होता. शेवट आम्ही तपासलाच नव्हता.

कारणे दोन निघाली. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या कॅसेटमध्ये एका सेकंदाला 25 चित्रे असतात. फीत जिथे चुरगळली होती, तिथली काही चित्रे कॅप्चर कार्डाने गाळली, आवाज मात्र तसाच चालत राहिला. गाळलेली चित्रे 40 होती, म्हणजे 1.6 सेकंद. दुसरे असे की चित्र एका कार्डातून येत होते आणि आवाज संगणकाच्या साउंड कार्डातून. दोघांची घड्याळे वेगळी. फरक दोन हजारांत एक, म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण दीड तासात तो 2.7 सेकंद झाला.

मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. व्हीसीआरचे हेड साफ केले. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळली. एकही चित्र गळणार नाही अशी ती उतरवून घेतली. उरलेल्या फरकासाठी मास्तरांचीच झांज उपयोगी पडली. झांजा एकमेकींवर आपटलेल्या दिसतात आणि त्याच क्षणी ऐकूही येतात. पहिल्या भजनातला एक ठोका धरला, शेवटच्या आरतीतला एक धरला, आणि त्यांमधला सगळा आवाज दोन हजारांत एक एवढा आखडून घेतला. सुरात झालेला बदल कानाला कळतसुद्धा नाही. मग सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणी बसून पाहिले.

त्या रात्री आम्हाला यशया 29:13 आठवले. ओठांनी जवळ आलेले पण मनाने दूर राहिलेले लोक. हा भाग वाचताना आम्ही नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी विचार करायचो. पण कोणीही एका दिवसात दूर जात नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी आपले ओठ आणि आपले जगणे बरोबर जुळलेले असते. नंतर एखादी प्रार्थना गळते, एखादी भेट राहून जाते. तोंड मात्र गातच राहते. दिवसाला दोन हजारांत एक एवढाच फरक. तो आपल्याला जाणवत नाही. आपल्याकडे आशेने पाहत असलेल्या माणसाला जाणवतो. कधी घरच्यांना, कधी शेजाऱ्याला.

आणि आम्ही काय करतो? सुरुवात तेवढी सरकवून जुळवतो. एक उपास, नव्या वर्षाचा एक संकल्प. शेवट तपासत नाही. म्हणून कोणी आजींसारखे प्रेमाने थांबवून सांगितले, तर रागावू नये. ते ऐकून घ्यावे आणि पुन्हा पहिल्यापासून बसावे.

दुसरी डीव्हीडी आम्ही आजींच्या शेजारी बसूनच लावली. शेवटच्या आरतीला त्यांचे ओठ मास्तरांच्या ओठांबरोबर हलत होते. आम्ही काही बोललो नाही.

प्रार्थना : हे प्रभो, आमचे बोलणे आणि आमचे चालणे तुझ्या हातात घे. जिथे आम्ही मागे पडलो तिथे आम्हाला दाखव, आणि शेवटपर्यंत तुझ्याशी जुळवून ठेव. आमेन.