पडद्यावरचे घड्याळ

भिंतीवर घड्याळ असताना संगणकावर दुसरे कशाला, असे शेजाऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. हमालीच्या आणि शिवणकामाच्या पैशातून जुना संगणक घेतलेला. त्यात बारावीनंतर लेकीला पुढे शिकवायचे की नाही, यावर आमच्या घरात दोन मते होती. अशा वेळी नांदेडच्या आमच्या खोलीत लेकीने घड्याळ करायला घेतले. लातूरला शिकणारा तिचा मामेभाऊ फोनवरून सोबतीला होता.

तिने पायथन ही भाषा घेतली. हॉलंडच्या गिदो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली लोकांपुढे आणली. तिला पैसा पडत नाही. सोबत टिकिंटर नावाचे साहित्य मिळते. आधी एक खिडकी उघडायची, तिच्यात पाटी लावायची, पाटीवर वेळ लिहायची. मग सांगायचे, १००० मिलिसेकंदांनी, म्हणजे एका सेकंदाने, हेच काम पुन्हा कर. वीसेक ओळींत काम होते.

खरी गोम पुढे आहे. दर खेपेला मागच्या वेळेत एक सेकंद मिळवत गेले, तर घड्याळ हळूहळू मागे पडते. कारण संगणक दुसऱ्या कामात गुंतला की आपली पाळी जरा उशिरा येते. म्हणून पाटीने स्वतः मोजायचे नाही, दर वेळी संगणकाच्या मूळ घड्याळाला विचारायचे. वीज गेली तरी ते मूळ घड्याळ आतल्या नाण्याएवढ्या सेलवर चालू राहते.

ही वेळ तरी कुठली? ब्रिटिश अमलात १९०६ साली ठरलेली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची आहे. एका अंशाला चार मिनिटे. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने नांदेड सुमारे एकवीस मिनिटे मागे, लातूर चोवीस. पडद्यावर मात्र दोन्हीकडे एकच वेळ.

हे सारे लेकीने आम्हाला पाटी-पेन्सिल घेऊन समजावले. दोघांचेही शिक्षण सातवीच्या पुढे नाही, तरी समजले. त्याच रात्री घरातली दोन मते एक झाली. लेक पुढे शिकणार, संगणकच शिकणार. फीची जुळवाजुळव सुरू आहे.

ज्यांच्या घरी जुना संगणक पडून असेल, त्यांनी मुलांना, विशेषतः मुलींना, या वीस ओळी लिहू द्याव्यात. आणि शेजारी बसून विचारावे, हे कसे चालते?