एलियाहू हन्नाबीचा मलिदा

जळगाव

ती. आत्यास,


ठाण्याला माझ्या मैत्रिणीकडे झालेल्या लग्नाचं बाबांनी तुला सांगितलंच. ‘सुंता करतात आणि मंगळसूत्रही घालतात, मग ते लोक नेमके कोण?’ असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही. ते बेने इस्रायल, आत्या. धर्मानं ज्यू, घरात बोली मराठी. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचून नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. मग कोकणात गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं रोहेकर, पेणकर, दिवेकर.

मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. त्याआधी कित्येक पिढ्या कोकणात ना सिनेगॉग होतं, ना धर्मग्रंथ. हिब्रू विसरली गेली, ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. मग धर्म टिकला कशात? आठव्या दिवशीच्या सुंतेत, शनिवारच्या विसाव्यात, खाण्यापिण्याच्या नियमांत. म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत आणि चुलीपाशी. तो बायकांनी सांभाळला असं मला मनापासून वाटतं.

मेंदीच्या दिवशी मलिदा होता. एलियाहू हन्नाबी हा त्यांचा प्रेषित. सुंता असो, लग्न असो, नवं घर असो की फेडायचा नवस, त्याच्या नावानं मलिदा करायचाच. धुऊन निथळलेले पोहे, त्यात खवलेला नारळ, साखर, वेलची, बदाम-बेदाणे. परातीत पोह्यांची रास आणि भोवती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. वडीलधाऱ्यांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतल्या पिकाचा वेगळा, सुवासाचाही वेगळा. मग द्रोण भरून सगळ्यांना वाटलं. आपण कानबाईचे रोट करतो आणि भाऊबंद एकत्र जेवतात, तसंच घर भरलेलं होतं. नवरीच्या हातावर मेंदी काढली, आणि मुलाच्या बोटालाही लावली.

लग्न सिनेगॉगमध्ये लागलं. नवरी पांढऱ्या साडीत. मुलानं पेल्यातला घोट घेऊन तिला दिला, अंगठी घातली, आणि नवऱ्यावरची जबाबदारी लिहिलेला करार, केतुबा, सगळ्यांसमोर वाचला गेला. पेल्यात काळ्या मनुका भिजवून काढलेला रस होता. द्राक्षाची दारू कोकणात मिळायची कुठून? तरी द्राक्ष सोडलं नाही! नंतर काळे मणी गळ्यात आले. मंगळसूत्र त्यांनी आपल्याकडून घेतलं असं कुणी म्हटलं की मला खटकतं. एवढी शतकं इथे राहिलेल्या माणसांचं ते स्वतःचंच नाही का?

आणि याच माणसांच्या लग्नांवर इस्रायलमध्ये शंका घेतली गेली. तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, 1960च्या दशकाच्या सुरुवातीला म्हटलं, यांची लग्नं लावण्याआधी वंशावळ तपासा. इथून गेलेले लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, तेव्हा 1964 साली सरकारनं त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू मानलं. ग्रंथ नसताना ज्यांनी सुंता सोडली नाही, त्यांच्याकडे पुरावा मागायचा? हे वाचल्यावर मला रात्रभर राग येत राहिला.

अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. तिथे एलियाहूच्या रथाची खूण उमटली आहे असं ते मानतात, आणि ‘तू बिश्वात’ या झाडांच्या सणाला मलिदा घेऊन जातात. तो त्यांच्या एका महिन्याच्या पंधराव्या तिथीला, साधारण आपल्या पौष-माघाच्या पौर्णिमेला येतो. मैत्रिणीच्या आई जाणार आहेत आणि तुलाही बोलावलंय. गाडीत मागची सीट तुझ्यासाठी ठेवते, गुडघे लांब करून बस. धुळ्याला तुला घ्यायला मी येईन. तेवढं मामांना सांगून कळव.

तुझी
भाची