पाव दराची रात्र

नव्वदच्या दशकात आमच्या फ्रीगंजमध्ये, टॉवर चौकाच्या आसपास, एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या झळकत असत. रात्री उशिरा पाव दर लागू झाला, की तिथे ओळखीची मराठी मंडळी हमखास भेटत. कुणाची लेक पुण्याला दिलेली, कुणाचा भाऊ नागपूरला. यंत्रावर तांबडे आकडे पळू लागले, की बोलघेवडा माणूसही नेमके बोले : "पोचलो. आई बरी आहे. बाकी पत्रात."

बोलण्याला तेव्हा आरंभ होता, शेवट होता, आणि त्या दोहोंमधल्या मिनिटांचे पैसे होते. दूरध्वनीचा सारा व्यवसाय या मिनिटांवर उभा होता. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी देशातले पहिले मोबाइल संभाषण केले, तेव्हाही हिशेब मिनिटांचाच. येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. ते २००३ मध्ये थांबले. मग घराघरांत मिस्ड कॉलची भाषा रुजली. एक घंटी म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. कंपनीला दमडीही न देता निरोप पोचे!

आज ती भाषा जवळजवळ मृत झाली आहे, कारण गिऱ्हाईक आता फोन 'करत' नाही. तो अखंड जोडलेलाच असतो. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली; तिने बोलणे फुकट केले आणि इंटरनेटचे पैसे घेतले. मिनिटे विकणाऱ्यांचे धाबे दणाणले. बिर्ला, टाटा आणि एटी अँड टी यांच्या ज्या भागीदारीला बाजारात गमतीने 'बटाटा' म्हणत, तिची पुढे आयडिया झाली. त्या आयडियाचेही ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोनशी विलीनीकरण झाले. एअरसेलचे त्याच वर्षी दिवाळे निघाले. आता खासगी कंपन्या मुख्यतः तीन, आणि सरकारी बीएसएनएल.

विकायची वस्तूच बदलली. आता बोलणे नव्हे, जोडलेले राहणे विकले जाते. तेही बहुधा २८ दिवसांच्या महिन्याने. म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज. कालगणनेसाठी प्रसिद्ध असलेल्या उज्जयिनीत अधिक मास सुमारे तीन वर्षांनी येतो. कंपन्यांचा दरवर्षी येतो!

यात भरडला जातो तो अखंड न जोडलेला माणूस. शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या काकूंकडे बटणांचा साधा फोन आहे. त्या विचारतात, "सर, मला नेट कशाला हवंय? दोघी मुलींशी बोलले की झालं." तरी त्या वर्षानुवर्षे इंटरनेटसह रिचार्जचे पैसे भरत होत्या. दुसऱ्या टोकाला २०२० मधली आमची मुले. घरात फोन एक, भावंडे दोन. ऑनलाइन तासाला कुणी बसायचे? तिथे जोडलेले असणे ही चैन नव्हती, शिक्षण होते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे व संदेश यांचे, इंटरनेटविना पॅक ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. परंतु असे पॅक मागितल्याविना सहसा कुणी दाखवत नाही. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनचा हिशेब एकदा मांडून पाहा. काकूंचा मी मांडला. आता त्या मुलींशी घड्याळ न पाहता बोलतात, आणि न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे देत नाहीत.