केस कोणी कापले, हात कोणी मोडला?

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना एक साधे वाक्य हमखास अडवते. मुलगा सलूनमधून केस कापून येतो आणि मित्राला ऐटीत सांगतो, ‘आय कट माय हेअर.’ शब्द बरोबर, व्याकरणही बरोबर. पण ऐकणारा इंग्रज असला तर त्याला आधी हेच वाटेल की, या मुलाने आरसा समोर ठेवून स्वतःच कात्री चालवली. त्यात केस वेडेवाकडे कापले गेले असतील तर त्याची खात्रीच पटेल!

आम्ही नोकरी सांभाळून वस्तीतील मुलांचा रविवारचा वर्ग घेतो. तिथे हा विषय निघाला की आम्ही फळ्यावर आधी मराठी लिहितो. आपण ‘केस कापले’ म्हणतो, तसेच ‘केस कापून घेतले’ असेही म्हणतो. ‘ब्लाउज शिवला’ म्हणजे स्वतः शिवला आणि ‘ब्लाउज शिवून घेतला’ म्हणजे शिंप्याने शिवला. हे ‘घेणे’ फार कामाचे आहे. काम दुसऱ्याने केले, पण करवून घेणारे आपण, एवढा सारा अर्थ त्यात येतो. इंग्रजीत हेच काम ‘हॅव’ किंवा ‘गेट’ करते. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे मी केस कापून घेतले. ‘शी गॉट हर ब्लाउज स्टिच्ड’ म्हणजे तिने ब्लाउज शिवून घेतला. जिथे मराठीत ‘करून घेतले’ बसते, तिथे इंग्रजीत ‘हॅड’ बसवून पाहावे. एवढी एक खूण मुलांच्या हाती दिली तरी अर्धे काम होते.

आता शब्दांच्या क्रमाकडे लक्ष द्यावे. ‘आय हॅव कट माय हेअर’ म्हणजे मी स्वतः केस कापले आहेत. ‘आय हॅव माय हेअर कट एव्हरी मंथ’ म्हणजे मी दर महिन्याला केस कापून घेतो. शब्द जवळपास तेच, पण ‘कट’ आधी आला की मागून आला यावर कात्री कोणाच्या हातात ते ठरते. ‘कट’ची तिन्ही रूपे सारखीच असल्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. म्हणून आधी ‘हॅव’, मग वस्तू आणि शेवटी क्रियापदाचे तिसरे रूप, हा क्रम तोंडपाठ करावा. आणखी दोन बारीक गोष्टी. डोक्यावरच्या सगळ्या केसांना ‘हेअर’ म्हणतात, ‘हेअर्स’ नव्हे. आणि आपण ‘कटिंग केली’ म्हणतो म्हणून इंग्रजीत ‘आय डिड कटिंग’ म्हणू नये. ‘आय गॉट अ हेअरकट’ म्हणावे. कापणी बिघडली असेल तर ‘आय गॉट अ बॅड हेअरकट’ म्हणावे, म्हणजे मनातले दुःखही सांगून होते. इंग्रज माणूसही घाईत कधी कधी सैल बोलतो, हे खरे. पण मुलाखतीत आपल्या मुलाला ती सवलत कोणी देत नाही.

दुखापतीचे मात्र उलट आहे. आपण म्हणतो, ‘माझा हात मोडला.’ हात जणू आपला आपणच मोडला. इंग्रज म्हणतो, ‘आय ब्रोक माय आर्म.’ आपल्या मुलांना हे ऐकून हसू येते. स्वतःचा हात स्वतः कोण मोडील? पण ती कबुली नव्हे, ती त्या भाषेची बोलण्याची रीत आहे. ‘आय कट माय फिंगर’ म्हणजे भाजी चिरताना माझे बोट कापले. मुद्दाम कापले असा अर्थ कोणी घेत नाही. उलट ‘माय आर्म ब्रोक’ म्हटले तर ते कानाला खटकते, खुर्चीचा हात मोडल्यासारखे वाटते. शिवाय आपला ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत एकच. इंग्रजीत मनगटापर्यंत ‘आर्म’ आणि पुढे ‘हँड’. तसेच घोट्याच्या वर ‘लेग’ आणि खाली ‘फूट’. डॉक्टरांना सांगताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

याच ‘हॅड’चा आणखी एक अर्थ आहे. ‘आय हॅड माय पॉकेट पिक्ड’ म्हणजे मी खिसा कापून घेतला असे नव्हे, तर माझा खिसा मारला गेला. पैसे देऊन करून घेतलेल्या कामाला जी रचना, तीच अंगावर येऊन पडलेल्या संकटालाही. ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द मशीन’ म्हणजे त्याचे बोट यंत्रात सापडले. कोणता अर्थ घ्यायचा हे प्रसंगावरून कळते.

हे सारे केवळ परीक्षेतील दोन गुणांसाठी आहे असे कोणी समजू नये. एका कारखान्यातील कामगार बंधू आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला आले होते. प्रेसमध्ये त्यांचे बोट गेले होते. सोबत सुपरवायझरने लिहिलेला इंग्रजी कागद होता. त्यावर त्यांनी फक्त सही करायची होती. त्यात लिहिले होते, ‘ही पुट हिज फिंगर इन द मशीन.’ म्हणजे त्यांनी बोट यंत्रात घातले! कोणता माणूस पोटाचे साधन असलेला हात आपणहून यंत्रात घालील? आम्ही त्यांना म्हणालो, ‘दादा, यावर सही करू नका. ‘कट’ लिहिले असते तर चालले असते, ‘कॉट’ अधिक बरे. पण ‘पुट’ चालणार नाही.’ मग त्यांच्याच तोंडचा वृत्तांत आम्ही दुसऱ्या कागदावर उतरवला. कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर, कोणते काम चालू असताना आणि यंत्राला जाळी होती की नव्हती. त्याखाली त्यांनी सही केली आणि पोच घेतली.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात कसोटी होती ती ही की, अपघात कामामुळे आणि काम चालू असताना घडला काय. त्या कायद्याची जागा घेणारी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही हीच कसोटी आहे. साध्या चुकीने हक्क बुडत नाही. मात्र सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला किंवा यंत्राची जाळी जाणूनबुजून काढली असे ठरले, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून इतर दुखापतींत मालकाला अंग काढून घेता येते. म्हणून तिथे एका क्रियापदाची किंमत मोठी असते.

आणि ‘आय हॅड माय हेअर कट’ या वाक्याचीही आपल्या घरात वेगळी किंमत आहे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये साताऱ्याच्या लहानपणाविषयी लिहिले आहे. गावात न्हावी होते, घरात द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हता. भावंडांचे केस थोरली बहीण कापायची आणि कापून कापून ती त्या कामात तरबेज झाली होती. म्हणजे ‘दुकानात जाऊन कापून घेतले’ हे साधे वाक्यसुद्धा त्या घराला नाकारले गेले होते. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले आणि त्याच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अस्पृश्यतेच्या कारणावरून अशी सेवा नाकारणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. १९७६ पासून तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो.

तेव्हा पालकांनी एक करावे. मुलगा केस कापून आला, मुलगी ड्रेस शिवून घेऊन आली, की ते इंग्रजीत कसे सांगशील असे विचारावे. आपल्याला इंग्रजी येत नसले तरी एवढे विचारता येते, ‘काम कोणी केले, ते तुझ्या वाक्यात दिसते का?’ हा प्रश्न विचारायची सवय घरात लागली, तर उद्या समोर आलेल्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तोच प्रश्न आपल्या मुलांच्या मनात येईल.