पाहुण्यांच्या वहीतली एक सही

१/१३
२४ मे १९७२. कॅलिफोर्नियातील बर्लिंगेम येथील एका हॉटेलात मॅग्नावॉक्स ही टीव्ही संच बनवणारी अमेरिकन कंपनी आपला नवा माल दाखवत होती. आलेल्यांनी पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायचे, एवढाच शिरस्ता. त्या दिवशी नोलन बुशनेल या तरुण अभियंत्यानेही सही केली. जगातील पहिल्या घरगुती व्हिडिओ गेम कन्सोलचे श्रेय कोणाचे, या वादात पुढे ही सही फार बोलकी ठरली. #थ्रेड

२/१३
लोकप्रिय समजुतीनुसार व्हिडिओ गेमचा इतिहास अटारी आणि ‘पाँग’पासून सुरू होतो. ही समजूत निराधार नाही, पण अपुरी आहे. पाँगच्या आधी ‘मॅग्नावॉक्स ओडिसी’ होती आणि ओडिसीच्या आधी चार हस्तलिखित पाने होती. ती लिहिणाऱ्याचे नाव राल्फ बेअर.

३/१३
बेअर यांचा जन्म १९२२ मध्ये जर्मनीत, एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी राजवटीत ज्यू असल्यामुळे त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची दुकाने फोडली गेली, प्रार्थनास्थळे जाळली गेली. त्याच्या थोडेच आधी हे कुटुंब अमेरिकेला पोहोचले होते. न्यूयॉर्कमध्ये कारखान्यात काम करत या मुलाने टपालाने शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमातून रेडिओ दुरुस्तीची विद्या मिळवली. युद्धकाळात लष्करात सेवा केली आणि १९४९ मध्ये शिकागोत टीव्ही अभियांत्रिकीची पदवी घेतली.

४/१३
१९५१ मध्ये लोरल कंपनीत टीव्ही संचाच्या रचनेचे काम करताना बेअर यांनी सुचवले, की संचातच एखादा खेळ बसवावा. वरिष्ठांनी ती सूचना बाजूला सारली. तेव्हा टीव्ही ही केवळ पाहण्याची वस्तू होती. पाहणाऱ्याने पडद्यावरच्या चित्राला हात घालावा, ही कल्पनाच त्या काळाला परकी होती.

५/१३
पंधरा वर्षे ती कल्पना मनात पडून राहिली. ऑगस्ट १९६६ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका बसस्थानकावर सहकाऱ्याची वाट पाहत असताना ती पुन्हा वर आली. बेअर यांनी तिथेच टिपणे काढली आणि दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबर १९६६ रोजी, चार पानांचा मसुदा लिहिला. महत्त्वाची गोष्ट यापुढची. त्यांनी त्यावर तारीख घातली आणि एका सहकारी अभियंत्याची साक्षीदार म्हणून सही घेतली.

६/१३
बेअर तेव्हा न्यू हॅम्पशायरमधील नॅशुआ येथे सँडर्स असोसिएट्स या लष्करी उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत होते. संशोधनप्रमुख हर्बर्ट कॅम्पमन यांनी त्यांना मजुरीसाठी २,००० आणि साहित्यासाठी ५०० डॉलर मंजूर केले. बिल हॅरिसन यांनी मंडले जोडली, तर पडद्यावर उसळणाऱ्या चेंडूच्या खेळाला बिल रश यांनी आकार दिला. १९६८ चा शेवटचा नमुना लाकडी भासणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीने मढवलेला होता. म्हणून त्याचे नाव ‘ब्राऊन बॉक्स’.

७/१३
मॅग्नावॉक्सने १९७१ मध्ये परवाना घेतला आणि १९७२ मध्ये ओडिसी बाजारात आणली. तिच्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता, आवाज नव्हता, रंगही नव्हते. पडद्यावर खेळाडूंचे दोन चौकोनी ठिपके, एक चेंडू आणि एक रेघ, एवढेच उमटे. बाकीचे चित्र पडद्यावर चिकटवायच्या पारदर्शक रंगीत पत्र्यांवर छापलेले असे. खोक्यात फासे, पत्ते आणि खोटे पैसेही मिळत. गुण कागदावर मांडावे लागत.

८/१३
किंमत सुमारे १०० डॉलर होती. विक्री फक्त मॅग्नावॉक्सच्याच विक्रेत्यांकडे होती. त्यामुळे हे यंत्र त्याच कंपनीच्या टीव्हीवर चालते, असा गैरसमज पसरला आणि मागणीला खीळ बसली. तरी १९७५ पर्यंत सुमारे साडेतीन लाख संच विकले गेले. ते अपयश नव्हते, पण लोकांच्या स्मरणात राहावे असे यशही नव्हते.

९/१३
बुशनेल यांनी १९७२ च्या जूनमध्ये अटारी कंपनी स्थापन केली. ॲलन अल्कॉर्न या नव्या अभियंत्याला त्यांनी सराव म्हणून टेबल टेनिसचा खेळ बनवायला दिला. तोच पाँग. त्यात आवाज होता, गुण पडद्यावरच दिसत आणि फळीच्या कोणत्या भागाला चेंडू लागला यावरून त्याची दिशा बदले. ओडिसीत यांतले काहीच नव्हते. सनीव्हेलच्या एका मद्यगृहात ठेवलेले पहिले यंत्र बंद पडले, ते नाण्यांची पेटी ओसंडल्यामुळे, ही कथा प्रसिद्धच आहे.

१०/१३
१९७४ मध्ये मॅग्नावॉक्स आणि सँडर्स यांनी अटारीसह काही कंपन्यांवर पेटंटभंगाचा दावा लावला. तेव्हा जपलेले कागद कामी आले: तारखेची चार पाने, प्रयोगशाळेतील नोंदवह्या आणि बर्लिंगेमची ती पाहुण्यांची वही. १९७६ मध्ये अटारीने तडजोड करून परवाना घेतला. जानेवारी १९७७ मध्ये न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी उरलेल्या प्रतिवादींविरुद्ध निकाल देताना बेअर यांचे पेटंट या क्षेत्रातील आद्य पेटंट असल्याचे म्हटले.

११/१३
१९८०च्या दशकात निन्टेंडोने या पेटंटला आव्हान दिले. १९५८ मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपवर टेनिसचा खेळ दाखवला होता, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो खेळ खरा होता आणि पाहायला रांगा लागल्या होत्या. पण हिगिनबॉथम यांनी पेटंट घेतले नव्हते आणि ते यंत्र पुढे मोडून त्याचे सुटे भाग इतर कामांना वापरले गेले. त्यात टीव्हीचा संकेत वापरलेला नसल्याने न्यायालयाने युक्तिवाद फेटाळला.

१२/१३
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. न्यायालय ‘हक्क कोणाचा’ हे विचारते, तर इतिहास ‘हे कसे घडले’ हे विचारतो. वहीतली सही बुशनेल तिथे होते एवढेच सिद्ध करते. त्यांच्या मनात काय आले, हे ती सांगत नाही. पाँगचा गोडवा अल्कॉर्न यांचा, हेही ती खोडत नाही. शिवाय कागद जपायला जागा, सवय आणि पाठीशी कंपनीचे वकील लागतात. ज्यांच्याकडे हे नव्हते, त्यांची किती कामे हिगिनबॉथम यांच्या यंत्रासारखी सुटी होऊन गेली असतील, याचा हिशेब कोणत्याच निकालात नाही. अस्सल साधनावर विसंबावे, पण ते का उरले हेही विचारावे.

१३/१३
बेअर यांनी २००६ मध्ये आपले नमुने आणि कागदपत्रे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या स्वाधीन केली. २०१४ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या कागदांत हॅरिसन आणि रश यांचीही नावे आहेत, जी पाँगच्या लोककथेत कधीच आली नसती. ब्राऊन बॉक्स पाहताना नजर प्रथम यंत्राकडे जाते, ते स्वाभाविकच आहे. पण ते यंत्र कोणाचे, हे ठरले ते शेजारच्या कागदांमुळे. बसस्थानकावर सुचलेली गोष्ट दुसऱ्याच दिवशी तारखेनिशी लिहून ठेवली गेली, म्हणून ती आज सांगता येते.