कॉलेज, कोर्ट आणि रेल्वेची नोकरी

वर्धा

चि. मृण्मयी,


शिरीन लिमये पुण्याची. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार तीच होती. आई नवनीत स्वतः बास्केटबॉल खेळलेल्या. अशा घरात सरावाच्या वेळा, स्पर्धेपायी बुडालेली शाळा, सुजलेला घोटा, यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. मुलींच्या वयोगटांतून ती महाराष्ट्राच्या संघात आली, तिथून भारताच्या, आणि पुढे रेल्वेकडून खेळली.

तिच्या पिढीचा सर्वांत मोठा दिवस जुलै २०१७ चा. आशिया चषकाच्या दुसऱ्या श्रेणीचा अंतिम सामना बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियममध्ये होता. भारतानं कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि पहिल्या श्रेणीत प्रवेश मिळवला. शिरीन त्या संघात होती. कर्णधार होती तमिळनाडूची अनिता पॉलदुराई, मूल झाल्यावर पुन्हा संघात परतलेली. तिला २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वर गेल्यावर गाठ मात्र चीन-जपानसारख्यांशी पडते. हांगझोऊला भारतानं इंडोनेशिया आणि मंगोलियाला हरवलं. चीननं मात्र १११-५३ असा धुव्वा उडवला आणि उपांत्यपूर्व फेरीत उत्तर कोरियाकडून हार पत्करावी लागली. उंचीचा फरक सगळ्यांनाच दिसतो. त्याहून मोठा फरक अठरा ते बावीस या वयात कोण किती सामने खेळलं याचा असतो, आणि तो गुणफलकावर कुठेच लिहिलेला नसतो.

अमेरिकेत ही चार वर्षं कॉलेजची. तिथे बास्केटबॉल जन्मला १८९१ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी तो स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवायला घेतला. मुलींना झेपावा म्हणून त्यांनी कोर्टाचे तीन भाग पाडले. जिला जो भाग दिला तो सोडून जायचं नाही, प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू हिसकावायचा नाही. पूर्ण कोर्टावर धावायची मोकळीक मिळायला पुढे कित्येक दशकं गेली. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानं सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेदभाव करायला बंदी घातली. मुलींच्या संघांना शिष्यवृत्त्या आणि प्रशिक्षक मिळाले ते त्यानंतर. आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क २०२४ मध्ये ३,९५१ गुणांवर कॉलेज संपवून बाहेर पडली तेव्हा तिचं नाव आधीच घराघरांत पोचलं होतं. २०१० मध्ये भारतातून चार मुलगे आणि चार मुली फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत नेल्या होत्या. त्यांतली कविता अकुला पुढे ग्रँड कॅन्यन विद्यापीठात शिष्यवृत्तीवर खेळली. तो रस्ता आजही उघडा आहे, पण फारच अरुंद.

आपल्याकडे कॉलेज खेळाडू घडवत नाही. ती आधीच घडून येते, घरी किंवा एखाद्या झपाटलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. वर्ध्याहून हावड्याच्या गाडीत बसलं की नागपूर, गोंदिया, दुर्ग ओलांडून भिलाई लागतं. तिथे राजेश पटेल यांनी मुलींचा असा संघ उभा केला, की छत्तीसगडचं नाव ऐकलं की बाकीची राज्यं सावध व्हायची. सीमा सिंग, अंजू लाक्रा या त्याच हाताखालच्या. पटेल २०१८ मध्ये गेले. एका माणसाच्या जिद्दीवर उभं राहिलेलं काम त्याच्यामागे तसंच चालेल अशी व्यवस्था आपण क्वचितच करतो, हे जाता जाता.

वर्धा जिल्ह्यातल्या मुलीची वाट शालेय स्पर्धांपासून सुरू होते: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. पुलगाव, हिंगणघाट किंवा आर्वीच्या शाळेत कोर्ट असलंच तर सिमेंटचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की सकाळी आठनंतर त्या सिमेंटवर बुटाच्या तळव्यातूनही चटका लागतो. लाकडी तळावर उडी मारून उतरताना जो धक्का जमीन झेलते, तो इथे गुडघा झेलतो. गुडघ्याचा आतला लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये तसंही कितीतरी जास्त, त्यामुळे उडीनंतर गुडघे वाकवून दोन्ही पायांवर उतरायची सवय पहिल्या वर्षीच लागायला हवी. चेंडूचंही तसंच. स्त्रियांचा सामना सहा नंबरच्या चेंडूनं होतो, घेर साधारण ७२ सेंटिमीटर. मुलांचा सात नंबरचा, मोठा आणि जड. शाळेच्या पेटीत सातचाच चेंडू असतो. मुलगी त्यावर हात बसवते आणि स्पर्धेत सहाचा हाती आला की नेम लांब जातो. दीडदोन हजारांचा वेगळा चेंडू ही काही चैन नव्हे.

कॉलेजात आल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. वर्धा जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात येतो. नागपूर, भंडारा, गोंदिया हे सोबतचे जिल्हे. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की मुलगी ‘कलर होल्डर’ होते, आणि विदर्भात हा शब्द आजही मानानं उच्चारला जातो. निवड चाचणीत समोर असतात त्या लहानपणापासून नागपूरच्या क्लबांच्या कोर्टांवर खेळलेल्या मुली. त्यांचे आठवड्याला जितके सामने होतात तितके वर्ध्याच्या मुलीचे महिन्यालाही होत नाहीत. अंगात कस असूनही ती मागे पडते ती इथे. त्यातच दुसऱ्या वर्षाला घरून विचारणा सुरू होते, की खेळून पुढे काय.

त्याला आपल्याकडे अनेक वर्षांपासूनचं नेमकं उत्तर आहे, ते म्हणजे रेल्वे. स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा दबदबा आहे तो उगाच नाही. पगार, सराव आणि स्पर्धेसाठी सुट्टी हे तिन्ही एकत्र देणारी दुसरी जागा मुलींना फारशी नाही. केरळची गीतू ॲना जोस दक्षिण रेल्वेकडूनच खेळायची, आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिला व्यावसायिक लीगच्या तीन संघांनी तिची चाचणी घेतली. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात वय १८ ते २५ लागतं. राज्याकडून किंवा देशाकडून खेळून ठरावीक कामगिरी केलेलीला दार उघडं असतंच, पण अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिघांत आलेल्या संघातली मुलगीही काही पदांसाठी पात्र ठरते. कॉलेजचा आपल्याकडचा खरा उपयोग हा. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठीचं क्रीडा प्रमाणपत्र विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं, म्हणजे वर्ध्याच्या मुलीनं नागपूरला. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीस आल्यापासून तपासणी कडक झाली आहे. म्हणून प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, संघाची सहीशिक्क्याची यादी आणि निकालाची प्रत त्याच आठवड्यात मागून घेतलेली बरी; चार वर्षांनी तीच यादी शोधायला गेलं तर क्रीडा विभागातले सरही बदललेले असतात.



तुझी,
मोठी आत्या