दुरून गाईड होताना

माझे पीएच.डी.चे बहुतेक विद्यार्थी नंदुरबार, गडचिरोली, कुडाळ अशा ठिकाणी कॉलेजात शिकवतात. विषय पेशवाईतल्या शेतसाऱ्याचा, मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि गाईडही पुण्यातच. सुट्टीत येऊन ते कागदांचे रुमाल चाळतात, प्रती घेऊन परत जातात. पुढचं सगळं काम दुरून.

हे काम फोनवर होत नाही, असं माझं ठाम मत आहे. फोनवर ‘चालू आहे मॅडम’ एवढ्यावर भागतं. म्हणून दर महिन्याच्या ठरल्या तारखेला मला लिहिलेली पानं लागतात. कच्ची असली तरी चालतील. सोबत ज्या कागदावर मुद्दा उभा आहे, तो अख्खा हवा: मूळ प्रत आणि लिप्यंतर.

अख्खाच का, ते सांगते. एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं की पडीक जमिनीला सरकारने सारा माफ केला. उतारा बरोबर होता. पूर्ण कौल, म्हणजे सरकारचं लेखी आश्वासन, मागवला, तर माफी पहिल्या वर्षापुरतीच निघाली. पुढे सारा दर वर्षी चढत जाणार होता. मी समासात एवढंच लिहिलं, ‘खालच्या चार ओळी परत वाच.’ त्या ओळींतून तिचं नवं प्रकरण उभं राहिलं: सरकार दया करत नव्हतं, लागवड वाढवत होतं.

दुरून, लिहून काम करण्याची ही रीत जुनीच आहे. इतिहासकार गो. स. सरदेसाई कामशेतला, इतिहासकार जदुनाथ सरकार बंगालमध्ये. पेशवे दफ्तराच्या निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसाईंनी संपादित केले, त्या कामात या दोघांचा पत्रव्यवहार अखंड चालू होता. दोघेही तोलामोलाचे, तरी शंका लिहून विचारत, उत्तर लिहून देत.

पानं आली नाहीत, तर मात्र मी फोन करते, आणि प्रबंधाचं नाव काढत नाही. परीक्षेची कामं, नॅक मूल्यांकनाची धावपळ, घरातलं आजारपण, असं काहीतरी असतंच. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत ६ वर्षांची मुदत आहे, महिलांना आणखी २ वर्षं मिळू शकतात. पण तुटलेला धागा मुदतवाढीने जुळत नाही. ‘या आठवड्यात एकच पान पाठव’ म्हटलं की जुळतो. आलेलं पान मी लगेच वाचते, कारण तिकडे कुणीतरी त्याची वाट पाहत असतं.

समोर बसलेल्या विद्यार्थ्याचं अर्धवट वाक्य गाईड मनातच पुरं करतो. लांबच्याला ते स्वतः पुरं करावं लागतं. मौखिक परीक्षेत त्याला हेच उपयोगी पडतं.